सतरा छेद पन्नास : छापील चित्रांच्या प्रकल्पाच्या नोंदी

३ जानेवारी

वही आजपासून सुरू. तीन कलाकार, तीन चित्रं. एक जलरंगातलं, एक लिनोकट (लिनोलियमची पाटी कोरून छापलेलं) आणि एक छायाचित्र. ज्यांना मूळ चित्र विकत घेणं कधीच जमणार नाही, पण भिंतीवर खरं, सही केलेलं काम हवं आहे, अशांसाठी मोजक्या प्रती छापून परवडेल अशा किमतीला द्यायच्या. आम्ही दोघीच आहोत. हिशेब मैत्रिणीकडे, छपाई आणि पाठवणी माझ्याकडे.

पहिला वाद आजच झाला. मैत्रिणीचं म्हणणं, एकच चित्र तीन आकारांत काढू या. लहान आकाराच्या शंभर प्रती, मधल्याच्या पन्नास, मोठ्याच्या दहा. असं पुष्कळ जण करतात आणि त्यात गैर काही नाही. पण मधली प्रत घेणाऱ्याच्या हातात ‘१७/५०’, म्हणजे पन्नासातली सतरावी, असं लिहिलेला कागद पडतो, तेव्हा त्याला वाटतं की जगात हे चित्र पन्नासच घरांत आहे. प्रत्यक्षात ते एकशेसाठ घरांत असतं. छेदाखालचा आकडा खरा असूनही माणूस फसतो. म्हणून ठरवलं: एक चित्र, एक आकार, एकच आकडा. तो विक्रीच्या आधी जाहीर करायचा आणि पुन्हा वाढवायचा नाही. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून खाली दोघींनी सह्या केल्या.

९ जानेवारी

आजचा दिवस आकडेमोडीत गेला. एका प्रतीची किंमत १०० धरली. कागद, शाई आणि प्रूफांची, म्हणजे चाचणी-प्रतींची, नासाडी मिळून १८. पाकीट, पुठ्ठा, ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद ९. पैसे ऑनलाइन घेण्याचं शुल्क ३. वाटेत खराब होणाऱ्या प्रतींसाठी राखीव ५. उरले ६५. त्यातले ४५ कलाकाराला, २० आम्हाला. टपालखर्च वेगळा, तो ग्राहकाला जसाच्या तसा दाखवायचा.

कलाकाराचा वाटा विक्रीच्या किमतीवरच ठरवायचा, नफ्यावर नाही, यावर मी अडून बसले. ‘नफ्यातला अर्धा’ ऐकायला उदार वाटतं. पण नफा मोजतो कोण? विकणाराच. खर्चात काय काय धरायचं हेही तोच ठरवतो. मी स्वतः चित्रं काढायचे तेव्हा एका विक्रेत्याकडून असा अर्धा वाटा मला मिळायचा होता. सहा महिन्यांनी हिशेब आला, त्यात नफाच नव्हता. किमतीचे ४५ टक्के म्हटलं की कलाकाराला माझी वही तपासावी लागत नाही. किती प्रती विकल्या गेल्या एवढं कळलं की गुणाकार त्याचा तोच करू शकतो.

स्वस्त आणि चांगली छापील चित्रं ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्स या संस्थेने नावाजलेल्या चित्रकारांची सही केलेली मुद्राचित्रं, म्हणजे छापून काढलेली चित्रं, पाच डॉलरला एक अशी मोठमोठ्या दुकानांतून विकायला काढली. मंदीचे दिवस होते, आणि तरीही ती खपली. एका चित्राच्या साधारण २५० प्रती काढायचे आणि कलाकाराला एकरकमी २०० डॉलर द्यायचे. सगळ्या प्रती खपल्या तर साडेबाराशे डॉलर जमा होतात, म्हणजे कलाकाराकडे सोळा टक्के गेले. त्या काळात हातात आलेले रोख २०० डॉलर ही मोठी गोष्ट होती, हे मान्य. तरी आमचा आकडा ४५ वरून खाली येऊ द्यायचा नाही. किंमत कमी ठेवायची तर ती प्रती वाढवून आणि स्वतः राबून. कलाकाराच्या वाट्याला हात लावायचा नाही.

१६ जानेवारी

जलरंगवाल्या ताईंनी चित्राचा फोटो फोनवरून पाठवला. ३०२४ × ४०३२ पिक्सेल. पडद्यावर सुरेख दिसतो. पण दर इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने तो जेमतेम १० × १३ इंचांना पुरतो, आणि आम्हाला हवंय १६ × २०. त्यासाठी निदान ४८०० × ६००० लागतात. संगणकाने ताणून मोठं करता येतं, पण जलरंगात कागदाच्या कणांवर रंग जिथे साचतो ती बारीक दाणेदार नक्षी त्यात वितळून जाते. ती नक्षी गेली तर या चित्रात उरलं काय? मूळ चित्र मागवलं. चार भागांत स्कॅन करून जोडलं. संध्याकाळ त्यातच गेली.

कागद ठरला: ३०८ ग्रॅमचा, शंभर टक्के सुती, आम्लविरहित. दोन नमुने होते. एक जास्त पांढरा होता, मैत्रिणीला तोच आवडला. अतिनील टॉर्च मारल्यावर तो निळसर चमकला. म्हणजे त्यात पांढरेपणा आणणारी रसायनं आहेत. ती कालांतराने निकामी होतात आणि कागद पिवळट दिसायला लागतो. दुसरा नमुना साय धरल्यासारखा पांढरा, टॉर्चखाली तसाच राहिला. तो घेतला.

२३ जानेवारी

पहिलं प्रूफ. ताईंच्या चित्रातला तळ्याचा निळा पडद्यावर उजळून दिसत होता, कागदावर मात्र तो राखाडी उतरला. पडदा स्वतः उजेड टाकतो, कागद फक्त पडलेला उजेड परत देतो. काही गडद निळे या शाईंच्या आवाक्यातच नसतात. शेजारचे रंग किंचित उबदार केले की निळा आपोआप उठून दिसतो. दुसऱ्या प्रुफात तेच केलं, तिसऱ्यात आणखी थोडं.

ताई स्वतः आल्या. दिवसाच्या उजेडासारख्या, ५००० केल्विनच्या दिव्याखाली मूळ चित्र आणि तिसरं प्रूफ शेजारी ठेवलं, मग खिडकीशी नेऊन पाहिलं, मग साध्या बल्बखाली. तिन्ही ठिकाणी पाहायला हवं. एका उजेडात जुळणारे रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘हे माझं तळं नाही. पण त्या तळ्याची धाकटी बहीण आहे. छाप.’’ प्रुफाच्या खाली पेन्सिलीने ‘मंजूर’ लिहून सही केली. मुद्राचित्रकारांच्या जगात अशा प्रुफाला ‘बॉन आ तिरे’ म्हणतात, म्हणजे छापायला हरकत नाही. आता प्रत्येक प्रत या कागदाशी ताडून पाहायची. जुळली नाही तर ती बाद.

विक्रीच्या मजकुरात ‘जिक्ले’ हा शब्द घालावा असं मैत्रिणीने सुचवलं. १९९१ साली जॅक डुगान या छपाईकाराने तो फ्रेंचवरून घडवला, कारण ‘कॉम्प्युटर प्रिंट’ म्हटलं की लोक नाक मुरडायचे. मला तो नको. ‘सुती कागदावर पिगमेंट शाईने काढलेलं इंकजेट प्रिंट’ असं सरळ लिहिलं. वाचणाऱ्याला निदान आपण काय घेतोय ते कळेल.

२ फेब्रुवारी

लिनोवाल्या काकांच्या कामाच्या जागी दिवसभर. त्यांची पद्धत पाहून मी वेडी झाले. तीन रंगांसाठी तीन पाट्या नाहीत, एकच. आधी थोडं कोरून पिवळा छापला. मग त्याच पाटीवर जिथे पिवळा राहायला हवा तो भाग कोरून टाकला आणि वरून हिरवा. मग हिरव्याचा भाग कोरला आणि शेवटी गडद तपकिरी. प्रत्येक टप्प्याला पाटी संपत जाते. दुसरा रंग लागला की पहिला पुन्हा छापता येत नाही. एकावन्नावी प्रत हवी म्हटलं तरी देवालाही काढता यायची नाही. पिकासोने १९५०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या व्हालोरिस इथे याच पद्धतीने लिनोकट केले.

परत येताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. काकांच्या पाटीत मर्यादा कोरलेली आहे. ताईंच्या फाईलला कसलीच मर्यादा नाही. बटण दाबलं की एकावन्नावी प्रत पन्नासाव्याइतकीच सुंदर येईल. तिथे मर्यादा म्हणजे आमचा शब्द, बाकी काही नाही. मग तो शब्द पाटीइतकाच पक्का धरावा लागणार.

काकांनी ५८ कागद घेतले होते. रंग सरकून, डाग पडून ११ बाद झाले. चांगले ४७. त्यातल्या चार कलाकार-प्रती, त्यांच्यावर आकड्याऐवजी ‘ए.पी.’ लिहायचं आणि त्या काकांच्याच. विक्रीला ४३. आम्ही ५० जाहीर करायच्या बेतात होतो. यापुढे छेदाचा आकडा छपाई पूर्ण झाल्यावरच लिहायचा.

११ फेब्रुवारी

सह्यांचा दिवस, आणि माझी चूक.

ताई सह्या करत होत्या, मी कागद पुढे सरकवत होते. डावीकडे आकडा, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही. सगळं पेन्सिलीने. पेनची शाई फिकी पडते किंवा फुटते. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट उडत नाही आणि तिचा हलका दाब कागदात उमटतो, त्यामुळे हातची सही आणि छापलेली सही यातला फरक बोटाला कळतो. मी गप्पा मारत बसले. संध्याकाळी वहीशी ताळा घेतला तर ३१/५० दोन कागदांवर, ३२ कुठेच नाही.

ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, एका कागदावरच्या एकतिसाचे बत्तीस करू. एवढी घाबरतेस काय?’’ दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी मऊ खोडरबराने हलकेच १ पुसून २ लिहिला. जवळून पाहिलं तर कागदाचा तंतू तिथे किंचित उठलेला दिसतो. वहीत ३२ समोर ते लिहिलं, आणि जो ती प्रत घेईल त्याला आधी सांगायचं ठरवलं. पुढच्या वेळी सह्यांच्या टेबलाशी दोघींनीच नाही तर तिघांनी बसायचं. एक सही करेल, एक कागद देईल, एक फक्त वहीत लिहील. आणि तोंड बंद.

छायाचित्रकार लांब राहतात. त्यांनी सुचवलं, ‘‘शंभर कोऱ्या कागदांवर सह्या करून पाठवतो, छपाई तुम्ही करून घ्या. येण्याजाण्याचा खर्च वाचेल.’’ चांगल्या मनाने सुचवलं होतं. मी नाही म्हणाले. १९७४ साली फ्रान्सच्या सीमेवर चित्रकार साल्व्हादोर दालीच्या सह्या असलेले ४०,००० कोरे कागद पकडले गेले होते. त्या प्रकाराने दालीच्या उतारवयातल्या मुद्राचित्रांवरचा विश्वास कायमचा उडाला. सही म्हणजे ‘हे छापलेलं मी पाहिलं आणि मला मान्य आहे’. न पाहिलेल्या कागदावर ती करता येत नाही. छापलेले शंभर कागद त्यांच्याकडे जातील आणि परत येतील. खर्च आमच्या विसातून.

२० फेब्रुवारी

विक्री सुरू. पहिल्या दिवशी तिन्ही मिळून ३८ प्रती.

२६ फेब्रुवारी

पॅकिंगमध्ये आठवडा गेला. गुंडाळी करून नळीत पाठवलं तर स्वस्त पडतं, पण जाड सुती कागदाला बाक बसला की तो निघता निघत नाही, आणि घेणारा तो जबरदस्तीने सरळ करायला जातो. म्हणून सपाटच. प्रतीवर ग्लासीन, मग दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठा. दोन पुठ्ठ्यांच्या नाल्या एकमेकींना आडव्या ठेवल्या की पाकीट कोणत्याच बाजूने सहज वाकत नाही. छपाईनंतर दिवसभर कागद मोकळे वाळू द्यायचे. घाईने बंद केले तर शाईतला द्रव हळूहळू बाहेर पडत राहतो आणि पुढे फ्रेमच्या काचेवर आतून धूसर थर धरतो.

एक लिनोकट कोपरा चेपून परत आला. ९/४३. आता काय द्यायचं? छायाचित्र असतं तर चेपलेली प्रत फाडून त्याच आकड्याची एक नवीन छापली असती, वहीत नोंद करून. एक नष्ट, एक नवी, बेरीज तीच. लिनोची पाटी संपलेली. काकांनी आपल्या चार ए.पी.मधली एक काढून दिली. चेपलेल्या प्रतीवर ‘रद्द’ लिहून ती वहीच्या खिशात ठेवली आहे. ए.पी.चे पूर्ण ४५ काकांना राखीवमधून दिले. खराबी वाटेत झाली, त्यांच्या हातून नाही.

१ मार्च

पहिले हिशेब पाठवले. तिघांना एकेक पान: विकल्या गेलेल्या प्रतींचे आकडे, किंमत, ४५ टक्के, जमा केल्याची तारीख. काकांचं उत्तर दोन शब्दांचं आलं, ‘‘कागद मागवला.’’ ते वाचून खूप बरं वाटलं.

१९ मार्च

ताईंचं तळं संपलं. पन्नासच्या पन्नास. प्रतीक्षायादीत ६४ नावं.

संध्याकाळी ताईंचा फोन. कामाच्या खोलीचं भाडं थकलं आहे, मालकाने महिन्याची मुदत दिली आहे. ‘‘चौसष्ट जण पैसे घेऊन उभे आहेत, फाईल तयार आहे. आणखी पन्नास काढ ना. कुणाचं काय नुकसान होणार आहे?’’

मला लगेच उत्तर देता आलं नाही. नुकसान कुणाचं, हे खरंच दाखवता येत नव्हतं. पन्नास जणांच्या भिंतीवरचं चित्र रातोरात फिकं पडणार नव्हतं. आणि ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप, तीच पैशाच्या अडचणीत. मी म्हणाले, ‘‘ताई, उद्या बोलते.’’

रात्री दोघी बसलो. मैत्रिणीने पर्याय मांडले. दुसऱ्या आकारात काढू, किंवा ‘दुसरी आवृत्ती’ म्हणू, किंवा कागद बदलू. हे सगळं बाजारात चालतं. पण पहिल्या पानावर आमच्या सह्या होत्या. ज्या पन्नास जणांनी घेतलं त्यांनी ते पान वाचून घेतलं. त्यांच्यातल्या काहींनी तर आयुष्यात पहिल्यांदाच चित्र विकत घेतलं, त्यांनी तसं कळवलं होतं. एकदा आम्ही वाढवलं की आमच्या पुढच्या प्रत्येक आकड्याला किंमत शून्य, आणि त्या शून्याचा फटका सगळ्यात आधी काकांना आणि छायाचित्रकारांना बसेल. त्यांनी तर काही मागितलंही नव्हतं.

मग खरी चूक सापडली, आणि ती ताईंची नव्हती. पहिल्या प्रतीपासून शेवटच्या प्रतीपर्यंत आम्ही एकच किंमत ठेवली. पन्नास प्रतींमागे ताईंच्या हाती साडेबावीस प्रतींची किंमत पडली. पहिल्या वीस मूळ किमतीला, पुढच्या वीस सव्वापट आणि शेवटच्या दहा दीडपट अशा ठेवल्या असत्या, तर एकूण साठ प्रतींइतके पैसे आले असते आणि ताईंना सत्तावीस मिळाले असते. जो लवकर येतो आणि ज्याच्याकडे कमी आहे, त्याला पहिल्या वीसमध्ये जागा राहतेच. उशिरा येणारा थोडं जास्त देतो. मैत्रिणीला भीती की लोक याला घाई लावण्याची युक्ती समजतील. समजोत. तिन्ही किमती पहिल्याच दिवशी उघड लिहिल्या तर त्यात लपवाछपवी उरत नाही.

२० मार्च

ताईंना सांगितलं: तळं पन्नासच राहील. पुढच्या चित्राची आगाऊ रक्कम, दहा प्रतींच्या वाट्याइतकी, आज जमा करतो आमच्या विसातून. ६४ नावांना नव्या चित्राची बातमी सगळ्यांच्या आधी.

त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मला राग आलाय. पण पैसे जमा कर.’’ केले.

२४ मार्च

तळ्याची एक प्रत कुणीतरी मूळ किमतीच्या तिप्पट किमतीला विकायला काढली आहे. त्यातलं ताईंना काहीच मिळणार नाही. फ्रान्सने १९२० सालीच कायदा केला की पुनर्विक्रीतला हिस्सा कलाकाराला मिळावा. युरोपीय संघाने २००१मध्ये त्यावर निर्देश काढला, आणि त्यात कलाकाराने स्वतः किंवा त्याच्या अधिकाराखाली मर्यादित संख्येत काढलेल्या प्रतीही मूळ कलाकृतीच धरल्या आहेत. पण किमान विक्रीकिंमत ठरवायची मुभा देशांना आहे, ३,००० युरोपर्यंत. शिवाय हा हक्क कलाव्यापारातले लोक गुंतलेले असतात तिथेच लागतो, दोघांनी आपसात केलेल्या व्यवहाराला नाही. म्हणजे आमच्यासारखी स्वस्त चित्रं जाळीतून सहज निसटतात. या प्रश्नावर माझ्याकडे उपाय नाही. पुढच्या प्रमाणपत्रावर एक विनंती छापणार आहोत: विकलंत तर दहावा हिस्सा कलाकाराला पाठवा. बंधन नाही, पण पत्ता त्यावर असेल.

२ एप्रिल

एका ग्राहकाने विचारलं, १/५० जास्त मोलाची की ५०/५०? तिला लांबलचक उत्तर लिहिलं, ते इथेही ठेवते. ड्रायपॉइंटमध्ये तांब्यावर सुईने ओरखडताना कडेला धातूची बारीक कड उठते, तिच्यात शाई अडकते आणि रेघेला मखमली मऊपणा येतो. ती कड दाबाखाली लवकर झिजते, म्हणून तिथे सुरुवातीच्या प्रती खरोखर सरस असतात. तुमच्या प्रतीत तसं काही नाही. शिवाय आकडे सहीच्या क्रमाने पडतात, छपाईच्या क्रमाने नाही. तुम्हाला आवडेल तो आकडा घ्या.

आणि फ्रेमबद्दल: काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंट (खिडकीसारखा कापलेला पुठ्ठा) घाला. मागे चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो. जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने वरच्या कडेला लावा, पाण्याने त्या कधीही सुटतात. थेट ऊन नको.

९ एप्रिल

तळ्याची फाईल बंद केली. ताम्रपट्टी असती तर जुन्या पद्धतीने तिच्यावर आरपार रेघ मारून, तशी एक प्रत काढून ठेवली असती. फाईलवर रेघ मारता येत नाही. छपाईखान्यातली मोठी फाईल त्यांच्यासमोर पुसली, एक प्रत ताईंच्या ताब्यात दिली. वही मात्र उघडी: ५० ओळी, प्रत्येक आकड्यापुढे छपाईची तारीख आणि पाठवल्याची तारीख. घेणाऱ्यांची नावं नाहीत. ३२ समोर खोडल्याची नोंद तशीच आहे.

१४ एप्रिल

ताईंच्या नव्या चित्राचं पहिलं प्रूफ आलं. यात तळं नाही, ओली भिंत आहे, शेवाळाच्या हिरव्यात बुडालेली. तिन्ही किमती मैत्रिणीने मजकुरात घातल्या. हिरवा बरा उतरला आहे, पण भिंतीच्या पायथ्याशी सावली गढूळ झाली आहे. ताईंनी प्रुफावर त्या जागी बाण काढून लिहिलं, ‘‘इथे अजून पाणी आहे.’’ दुसरं प्रूफ उद्या सकाळी.